माणूस का खातो? एका कोल्हापुरी आहारतज्ज्ञाचा प्रश्न

रंकाळ्याची_सई

मंडळी, मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे. आधी रुग्णालयात होते, आता स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. आमच्या कामाबद्दल सर्वसाधारण समजूत अशी की काय खायचं, किती खायचं ते कागदावर लिहून द्यायचं आणि पुढच्या महिन्यात पेशंटला वजनकाट्यावर उभं करायचं. कागद मीही देते. पण माझ्या मते तो कामाचा दुसरा भाग. पहिला भाग म्हणजे हा माणूस खातो कशासाठी, हे समजून घेणं. ते कळलं नाही तर कागद फ्रिजच्या दारावर लटकतो आणि घरातलं जेवण आहे तसंच चालू राहतं.

मला या प्रश्नाची ओढ लागली ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. वॉर्डातून परत आलेली ताटं धुवायला जायच्या आधी मी ती बघत उभी राहायची. बिनमिठाच्या खिचडीत मधोमध चमच्याचा एक खड्डा, दुधीची भाजी जशीच्या तशी. आणि त्याच ताटात घरून आलेल्या डब्याचं झाकण, त्याच्या कडेला कांदा-लसूण चटणीचा लाल ओघळ, तोही बोटाने पुसून घेतलेला. रक्तदाबाचा पेशंट. चटणीत मीठ किती असतं ते आपल्याला माहीत आहे. रागवायच्या ऐवजी मी त्यांना विचारलं, चटणी कशाला लागते? म्हणाले, "ती तोंडाला लागली की मी अजून घरचा माणूस आहे असं वाटतंय. नाहीतर मग नुसता पेशंट." त्यांच्या घरच्यांना सांगून सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, तिखट सगळं नेहमीसारखं आणि मीठ अजिबात नाही अशी चटणी करून घेतली, वरून लिंबू. खिचडी संपायला लागली.

निव्वळ भुकेपोटी खाणारा माणूस माझ्यासमोर क्वचित येतो. लक्ष्मीपुरीतला व्यापारी रात्री साडेदहाला दुकान बंद करून घरी येतो आणि दिवसभराचा शीण जेवणात उतरवतो. मुलं परगावी गेलेल्या बाई संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीसमोर भडंग खातात, कारण तीच वेळ पूर्वी सगळ्यात गडबडीची असायची. कुणी बहिणीने वाढलं म्हणून, कुणी ताटात टाकवत नाही म्हणून.

तर विचारायचं हे: तुमच्या घरात कोण कशासाठी खातं? आणि आहारतज्ज्ञाकडे गेला असाल तर त्यांनी हे विचारलं होतं का?

मिसळ_कट

वाचतोय. मिसळीचा कट बंद करा असं मात्र या धाग्यावर कोणी लिहू नये, ही नम्र विनंती. :)

तालीमवाला

सईताई, एकदम वर्मावर बोट ठेवलंत.

मी गंगावेशीत तालमीत होतो. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. खुराक काय सुटला नाही. रात्री जेवण झालं की दुधाच्या कट्ट्यावर जायचं. म्हैस समोर उभी, धार काढली की फेसासकट ग्लास हातात. गरम असतंय ते, म्हशीच्या अंगाइतकं गरम. पहिल्या घोटाला मिशी पांढरी. कट्ट्यावरचा माणूस अजून मला "या पैलवान" म्हणतोय. ऑफिसात मला साहेब म्हणतात, घरात बाबा म्हणतात, पैलवान म्हणणारा तेवढा एकच माणूस उरलाय.

मागच्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले दूध बंद. मी मान हलवली आणि त्याच रात्री कट्ट्यावर गेलो. बायको म्हणाली तुम्हाला जिवाची पर्वा नाही. तसं नाही ओ. पण दूध सोडलं तर मी पैलवान होतो याला पुरावा काय राहिला?

रंकाळ्याची_सई

@तालीमवाला, दादा, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. एका लिटरला हजाराच्या वर कॅलरी. दिवसाला जोर-बैठका आणि दोन वेळची लढत असताना त्या जळत होत्या आणि गरजेच्याही होत्या. आता तेवढं दूध अंगावर येणारच. माझ्याकडे जुने पैलवान बरेच येतात आणि त्यांना मी कट्टा सोडायला कधीच सांगत नाही. तिथली हाक, तिथली माणसं हवीच आहेत. माप तेवढं बदलायचं. एक ग्लास, आणि तो जेवणावर वाढीव नाही, रात्रीचा भात काढून त्या जागी. कट्ट्यापर्यंत गाडीवरून जात असाल तर चालत जा. गुडघ्याला झेपेल तेवढं.

एक विचारते. संध्याकाळी तालमीत पोरांना शिकवायला जाता का?

डॉ_शाहूपुरी

मी फिजिशियन आहे. धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. माझ्या ओपीडीत बाहेर बाकावर माणसं ताटकळत असतात, त्यातली निम्मी खेड्यातून शेवटची एसटी गाठायची म्हणून घाईत. त्यांना सोप्या, ठाम सूचना लागतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा सपाट. भाजी दुप्पट, भात निम्मा. जेवणानंतर चालणं. हे ऐकून करणारे लोक आहेत आणि त्यांना फायदा होतो हे मी रोज बघतो.

"का खाता" हा प्रश्न ज्यांना वेळ आणि पैसा आहे त्यांच्यासाठी ठीक. शिवाय एकदा मनात हात घातला की जे बाहेर येईल ते सावरायचं शिक्षण आहारतज्ज्ञाला असतं का, हीसुद्धा शंका आहे. मानसोपचार हा वेगळा विषय आहे.

उसाच्या_फडात

डॉक्टरसाहेब, माझा अनुभव सांगतो. "तेलकट बंद, गोड बंद, भात बंद" एवढं ऐकून मी बाहेर पडलो आणि समोरच्या गाड्यावर कांदाभजी खाल्ली. भूक नव्हती. राग आला होता. हे पण एक कारण लिहून घ्या ताई.

नूतन_इचल

आज पहिल्यांदाच लिहितेय इथे.

आमचं एकत्र कुटुंब, घराखालीच यंत्रमाग. माझं वजन वाढलं म्हणून एका आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारलं, सकाळी किती पोळ्या, दुपारी किती. मला उत्तरच देता येईना. मी पोळ्या मोजून खातच नाही. मुलाने अर्धी टाकलेली असते ती, सासऱ्यांच्या ताटातली राहिलेली आमटी, पातेल्याच्या बुडाचा भात कारण पातेलं घासायला टाकायचंय. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून हे सगळं. मग चार वाजता दोन घास शिळी भाकरी दह्याबरोबर. मी "जेवले" असं म्हणावं असं दिवसात काही होतच नाही, आणि वजन मात्र वाढतं. त्या बाईंना वाटलं मी लपवतेय. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. परत गेले नाही.

का खाते विचारलं असतं तर सांगितलं असतं की अन्न टाकायचं पाप माझ्या माथी येऊ नये म्हणून खाते. घरात दुसऱ्या कुणाच्या माथी ते येत नाही.

शेवग्याची_शेंग

नूतन, +१००. हे वाचून मी उठून पाणी प्यायले. आमच्याकडे अगदी असंच.

जुना_पेन्शनर

हल्ली सगळ्याचं कारण शोधायची सवय लागली आहे. आमच्या लहानपणी आई वाढायची, आम्ही जेवायचो, उठायचो. का खातो असा विचार कोणी केला नाही आणि कोणी जाडही झालं नाही.

शेवग्याची_शेंग

काका, आदर ठेवून विचारते. आई कधी जेवायची?

जुना_पेन्शनर

आठवत नाही.

खरंच आठवत नाही. मोठ्या बहिणीला फोन करून विचारतो.

रंकाळ्याची_सई

@नूतन_इचल, तुम्ही काहीच लपवत नव्हता. आमच्या शिक्षणात चोवीस तासांत काय काय खाल्लं ते आठवून सांगायची एक पद्धत आहे. ताटात वाढून बसणाऱ्या माणसासाठी ती पद्धत बरी. ओट्याशी उभ्याने खाणाऱ्या बाईचं जेवण त्यात सापडत नाही. म्हणून मी बायकांना वेगळं विचारते: घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, आणि उरलेलं कोण संपवतं? पुढचं सगळं आपोआप येतं.

एक करून बघा. स्वयंपाक झाला की सगळ्यात आधी स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवा. भाजी, आमटी, कोशिंबीर, जेवढ्या हव्या तेवढ्या भाकऱ्या. नंतर बसलात तरी चालेल, पण जेवण तेच. उरलेलं फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं.

@डॉ_शाहूपुरी, तुमची शंका रास्त आहे. खाऊन ओकारी काढणारी मुलगी, रात्री उठून आवरता येणार नाही इतकं खाणारा माणूस, यांना मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. बाकीच्यांच्या मनात मला शिरायचं नसतं, त्यांच्या दिवसात शिरायचं असतं. कुणाबरोबर जेवता, कधी जेवता, जेवायच्या आधी काय करत होता. याला पैसा लागत नाही. मला हे प्रश्न आधी वॉर्डातल्या फुकट खाटेवरच्या माणसांनीच शिकवले.

माणदेशी_नातू

आमची आजी मूळची आटपाडीकडची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले असं सांगते. पुढे आजोबांना कोल्हापुरात काम मिळालं आणि इकडेच राहिलो. आता घरात कशाची कमी नाही.

आजीला मधुमेह आहे. डॉक्टरांनी भात आणि गोड कमी करायला सांगितल्यापासून ती चोरून खाते. उशीच्या अभ्र्यात बिस्किटं, लुगड्याच्या घडीत पेढा, एकदा गादीखाली आख्खी भाकरी सापडली, मुंग्या लागलेली. आई चिडते, आजी रडते. एकदा मी शांतपणे विचारलं तर म्हणाली, "मी खात न्हाई रं सगळं. जवळ असलं की झोप लागतीया."

सईताई, यावर काय करावं?

रंकाळ्याची_सई

@माणदेशी_नातू, तुम्ही स्वतःच प्रश्न विचारलात आणि उत्तर मिळवलंत. आजींना ते अन्न पोटापेक्षा उशाशी हवं आहे.

उपासमार माणसाच्या डोक्यात किती काळ राहते याचा अभ्यास झालेला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर भुकेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं जेवतं करायचं हे शोधण्यासाठी. त्या तरुणांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले. पोटभर अन्न परत सुरू झाल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांचं खाणं बरेच दिवस ताळ्यावर आलं नाही. आणि ते सहा महिने होते, संपणार हे माहीत होतं. आजींना तर पाऊस कधी येणार हेही ठाऊक नव्हतं.

तेव्हा लपवलेलं जप्त करू नका. त्यांच्या उशाशी त्यांच्या मालकीचा एक डबा ठेवा. झाकण घट्ट बसणारा, मुंग्या न शिरणारा. त्यात फुटाणे, थोडे शेंगदाणे. तो रोज रात्री घरातल्या कुणीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत भरायचा. त्यातलं किती खायचं ते त्यांनी ठरवायचं. साखर तपासत राहा, आणि गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांशी बोलून.

अवांतर, पण दुष्काळाशी जोडलेलं: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. आपली बाळं जन्मतः हलकी, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा अंगात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीची. मधुमेह आपल्याकडे इतका का, याची मुळं आईच्या पोटापर्यंत जातात. "खादाड आहे म्हणून साखर वाढली" असं कुणाला म्हणायच्या आधी हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

गूळ_खडा

तेवढ्यात एक विचारून घेतो. चहात साखरेऐवजी गूळ घातला तर चालतंय का? आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, बिनकेमिकलचा गूळ.

रंकाळ्याची_सई

@गूळ_खडा, दादा, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मधुमेह असेल तर गूळ आणि साखर शरीराच्या लेखी जवळजवळ एकच. गुळातही बहुतेक भाग सुक्रोजच. थोडं लोह, थोडी खनिजं जास्त, पण चमचाभर गुळातून ती कितीशी मिळणार? मधुमेह नसेल तर आवडीने घ्या, माप साखरेचंच धरा.

गूळ_खडा

पटतंय, पण आमच्या बाबांना हे सांगायची जबाबदारी तुमची.

मिसळ_कट

विषय निघालाच आहे तर, मिसळीबरोबर ब्रेड की पाव?

उसाच्या_फडात

कोल्हापुरात राहून हा प्रश्न विचारतोयस भावा? ब्रेड. विषय संपला.

बारावी_सायन्स

सईताई, मी यंदा बारावी दिली. मला याच क्षेत्रात यायचंय. घरचे म्हणतात "डाएटचे कागद तर आता मोबाइलवर फुकट मिळतात, तुला कोण पैसे देणार". काय शिकावं लागतं आणि काम नक्की कुठे मिळतं?

डाएट_किचन

मी मुंबईत एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, माहेर जयसिंगपूर. मी उत्तर देते.

आधी पोषणशास्त्र किंवा गृहविज्ञान घेऊन बी.एस्सी. मुंबईत एसएनडीटी, निर्मला निकेतन ही जुनी नावाजलेली ठिकाणं, इतरत्रही आता अभ्यासक्रम आहेत. मग आहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप. त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होता येतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, त्यात आपलं क्षेत्रही आहे. त्यामुळे दोन आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणाऱ्यांना आळा बसेल अशी आशा आहे.

कामं पुष्कळ प्रकारची. अतिदक्षता विभागात नळीतून द्यायच्या आहाराचा हिशोब, डायलिसिस, कर्करोग, खेळाडू, शाळा-वसतिगृहं, अन्नप्रक्रिया उद्योग. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. बायोकेमिस्ट्री नीट कर. आणि या सुट्टीत घरात रोज एक वेळचा स्वयंपाक तू कर. माझ्या हाताखाली हुशार मुली येतात, ३० ग्रॅम डाळीत प्रथिनं किती ते झोपेत सांगतील, पण ३० ग्रॅम कच्च्या डाळीची आमटी किती वाट्या होते ते सांगता येत नाही. पेशंट वाटीत जेवतो.

मोबाइलवरचा कागद बिनचूक असू शकतो. तो वाचून पेशंटचा चेहरा कसा झाला, हे मोबाइलला दिसत नाही.

पुणेरी_पाहुणा

माझी कोल्हापुरी बायको एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लिनिकमध्ये गेली होती. चार्टमध्ये अव्हॅकाडो, किन्वा, बदामाचं दूध आणि त्यांच्याकडचाच प्रोटीन पावडरचा डबा. महिन्याच्या किराण्याएवढं बिल फक्त पावडरचं. तिने पंधरवडाभर केलं. मग माहेरच्या जत्रेला गेली आणि तो चार्ट तिकडेच राहिला.

रंकाळ्याची_सई

@पुणेरी_पाहुणा, हे ऐकून वाईट वाटतं, कारण त्यामुळे सगळ्या व्यवसायावरचा विश्वास जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात असं स्वच्छ लिहिलंय. मटकीची उसळ, आख्खा मसूर, शेंगदाणे, दही, अंडी हे सगळं आपल्या गल्लीत मिळतं. वहिनींना सांगा, जत्रेचं जेवण जेवल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

मेसवाली_मावशी

मी राजारामपुरीत मुलांची मेस चालवते. शिकलेली नाही फार, पण पोरांना जेवताना बघून बघून काही गोष्टी कळल्यात.

नवीन पोरगं आलं की पहिला आठवडा जेवतच नाही. मग एक दिवस येऊन सांगतंय, "मावशी, आमटी आमच्यात पातळ असते आणि वर खोबरं नसतंय." त्या दिवसापासून ते रुळलं समजायचं. मी दोन-चार वाट्या आमटी खोबऱ्याच्या आधी बाजूला काढून ठेवते.

मोबाइल बघत जेवणारा पोरगा तीनदा भात घेतो आणि उठताना विचारतो, आज भाजी कुठली होती? परीक्षेच्या आधी पोरं दोन जातीची होतात. एक जेवण सोडणारी, एक रात्री दोनला चिप्सची पाकिटं फोडणारी. सकाळी खोल्या झाडायला जाते तेव्हा पाकिटांवरून मला कळतंय कुणाचा पेपर अवघड आहे. मग त्याला रात्रीच थोडी डाळ-खिचडी झाकून देते. पाकिटं कमी होतात, बंद होत नाहीत.

डाएट_किचन

मावशी, तुमच्याकडे आमच्या विद्यार्थिनींना महिनाभर पाठवायला हवं, अगदी मनापासून सांगते.

पाकिटातल्या खाण्याचं म्हणाल तर त्यावर अमेरिकेत केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग आहे. २० माणसं, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, चोथा सगळं सारखं जुळवलेलं, हवं तेवढं खायची मुभा. पाकिटवाल्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. पोरांना संयम नाही असं म्हणताना हेही बघावं.

पंचगंगेकाठी

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही एका शाळेत होतो. मदत भरपूर आली. बिस्किटं, भडंग, फरसाण, पाण्याच्या बाटल्या. पोट भरलेलं होतं सगळ्यांचं. तिसऱ्या दिवशी वरच्या गावातल्या बायकांनी फडक्यात बांधून भाकरी आणि खर्डा पाठवला, आणि कोणीतरी मोठ्या पातेल्यात आमटी आणली. त्या आमटीवर माणसं रडली. माझे वडील, ज्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, तेही. घर पाण्यात होतं आणि हातात गरम भाकरी होती. सईताईंचा प्रश्न वाचून तेच डोळ्यांसमोर आलं.

कागलकर

माझे मेहुणे वजनाचं ते आठवड्याचं इंजेक्शन घेतात. म्हणतात, डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा विचारच थांबला. मग सगळी कारणं औषधानेच मिटत असतील तर "का" विचारायचं कशाला?

डॉ_शाहूपुरी

@कागलकर, चांगला मुद्दा. भूक आणि तृप्ती यांच्यामागे संप्रेरकं आहेत. लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं, घ्रेलिन १९९९ मध्ये. ही इंजेक्शनं त्याच यंत्रणेवर काम करतात आणि योग्य रुग्णाला उपयोगी आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. "तोंडावर ताबा ठेवा" म्हणून सगळ्यांचं भागत नाही, हे या औषधांनी दाखवून दिलं. पण ज्याच्या खाण्याला वेगळंच कारण आहे, त्याचं ते कारण इंजेक्शन शोधून देत नाही.

आणि त्यावरच सांगायला आलो. धागा सुरू झाल्यापासून मी ओपीडीत एक प्रश्न वाढवला: शेवटचं खाणं कधी, आणि त्या वेळी काय करत होता? साखर कारखान्यातला एक कामगार आहे. गाळप हंगाम सुरू, त्याची पाळी रात्रीची झालेली. सकाळची साखर कायम चढी. त्याची फाइल बघून कोणीही म्हणेल, पथ्य पाळत नाही. प्रश्न विचारल्यावर म्हणाला, रात्री अडीच-तीनला हातपाय कापतात, घाम फुटतो, मग कँटीनमध्ये दोन वडापाव आणि गोड चहा घेतो, तेव्हा बरं वाटतं. पाळी बदलली तसं त्याचं रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचला सरकलं होतं आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र जुन्याच वेळी, रात्री साडेआठला. म्हणजे मध्यरात्री साखर खाली जात होती आणि तो जीव वाचवायला खात होता. ग्लुकोमीटर देऊन त्या वेळची साखर मोजायला लावली, ती खरोखर कमी निघाली. गोळी बदलली, डबा बदलला. आता वडापाव लागत नाही.

हे सगळं पाच मिनिटांत झालं. वेळेबद्दलचं माझं मत त्यामुळे बदललं आहे. मानसोपचाराबद्दलचं नाही.

रंकाळ्याची_सई

डॉक्टर, हे इथे येऊन लिहिलंत याचा फार आनंद झाला. रात्रपाळी हा आपल्या जिल्ह्यात मोठाच विषय आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या, एमआयडीसी. यावर वेगळा धागा काढूया का?

माणदेशी_नातू

डबा आणला. आजीने स्टीलचाच पाहिजे म्हणून हट्ट धरला, प्लॅस्टिकचा नको. रोज रात्री माझी पोरगी भरते आणि आजी तिच्याकडून मोजून घेते. बिस्किटं अजून एकदा सापडली उशीत, पण पहिल्यासारखी नाहीत. आई चिडायची थांबली आहे, हे जास्त महत्त्वाचं.

तालीमवाला

सईताई, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगतो. वस्तादांना भेटलो. संध्याकाळी बारक्या पोरांची बॅच बघतोय. कट्टा चालू आहे, एक ग्लास. दूधवाल्याने विचारलं, काय पैलवान, तब्येत बरी नाही का?

जुना_पेन्शनर

बहिणीशी बोललो. आई दुपारी तीनला जेवायची. बहुतेक वेळा भाकरी आणि आमटीचं पाणी. आम्ही शाळेत असायचो.

गडहिंग्लजकर

उशिरा येतोय, पण खरी अडचण आहे. वडील डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा. पुढच्या आठवड्यात गावात म्हाई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. दर वर्षी भावकीच्या पंगतीत ते पहिल्या ओळीत बसतात. यंदा घरातच बसतो म्हणतायत, कारण "तिथं जाऊन काय बघत बसू". मटण अजिबात चालत नाही ना?

रंकाळ्याची_सई

@गडहिंग्लजकर, त्यांना पंगतीत बसवा. आणि मटण चालतं.

डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम. डायलिसिसच्या आधी कमी खायला सांगितलेलं असतं, तेच लोकांच्या डोक्यात राहतं. त्यामुळे सुक्क्या मटणाच्या तीन-चार मऊ फोडी त्यांनी खुशाल खाव्यात. नळी नको, आणि काळीजही नको, काळजात फॉस्फरस जास्त. फॉस्फरस कमी करायची गोळी चालू असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची, विसरू नका.

अडचण आहे ती रश्श्याची. तांबडा असो की पांढरा, मीठ, पोटॅशियम आणि पाणी तिन्ही त्यात. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, म्हणजे आणखी भर. वाटी वाढूच नका, भाकरीचा एक घास बुडवून चव घेऊ द्या. फोडी शक्य असतील तर मीठ घालायच्या आधी बाजूला काढून घ्या, घरातल्या स्वयंपाक करणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं तर होतं. कांदा, लिंबाची फोड चालेल, टोमॅटोची कोशिंबीर नको. सोलकढी, ताक पंगतीत येईल ते टाळा, दिवसभराच्या पाण्याच्या मापात ते धरलं जातं.

शेवटचे रिपोर्ट, विशेषतः पोटॅशियम, तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा आणि म्हाई डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी येते की आदल्या दिवशी ते विचारून घ्या. आदल्या दिवशी येत असेल तर फोडी दोनच. मला वार कळवा, मी नक्की माप लिहून देते.

गडहिंग्लजकर

मंगळवारी म्हाई, सोमवारी डायलिसिस. बाबांना आत्ताच सांगितलं. म्हणाले पहिल्या ओळीत जागा धरून ठेव.